निवडणुकीआधी परराष्ट्र धोरण कसं मोजायचं? नरसिंह रावांचं प्रगतीपुस्तक, एप्रिल १९९६

(एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलतानाची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



निवडणूक जवळ आली की आपल्या फोनवर दोन प्रकारचे व्हिडिओ यायला लागतात. पहिल्यात नेता विमानातून उतरतोय, समोर गार्ड ऑफ ऑनर, मागे दणदणीत म्युझिक. मेसेज असा की जगात आपला डंका वाजतोय. दुसऱ्यात तोच नेता, तोच दौरा, पण नको त्या क्षणी पॉज केलेला. मेसेज असा की जगात आपली नाचक्की झाली. दोन्ही तीस-तीस सेकंदांचे. दोन्ही बघून आपल्याला कळतं काय? फक्त एवढंच, की पाठवणारा कुठल्या पार्टीचा आहे.

रस्ता, पाणी, वीज यांचं बरंय. नळाला पाणी येतं की नाही ते आपल्याला घरबसल्या दिसतं. पण परराष्ट्र धोरणाचा नळ कुठे उघडून बघायचा? पाच वर्षांनी मत देताना हा भाग मोजायचा तरी कसा?

आज एक प्रयोग करू. आत्ताचा कुठलाही नेता घेतला तर पहिल्या मिनिटाला कमेंट्समध्ये भांडणं सुरू होतील. म्हणून जरा मागे जाऊ. तारीख समजा एप्रिल १९९६. लोकसभेचं मतदान सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव पाच वर्षं पूर्ण करून मत मागतायत. आपण मतदार आहोत, आणि पुढे काय होणार हे आपल्याला माहीत नाही. तर त्यांचं परराष्ट्र धोरणाचं प्रगतीपुस्तक भरायचं.

राव का? एक तर माणूस आपल्या ओळखीचा आहे. तेलुगू असले तरी शिकले पुण्यात फर्ग्युसनला, मग नागपुरात. १९८४ आणि १९८९ मध्ये खासदार झाले ते आपल्या रामटेकमधून. मराठी इतकं उत्तम की हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. आणि माझ्यासारख्यांसाठी खास गोष्ट म्हणजे, साठी ओलांडल्यावर हे गृहस्थ कॉम्प्युटर घेऊन बसले आणि कोबोल, बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकले.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या माणसाच्या नावावर तीस सेकंदांचा व्हिडिओ बनूच शकत नाही. कायम ओठ मिटलेले, चेहरा गंभीर. लोक ‘मौनी बाबा’ म्हणायचे. म्हणजे चमकधमक आपोआप वजा होते, आणि मागे फक्त काम उरतं.

मी चार प्रश्न घेतलेत. एकेक लावून बघू.

प्रश्न पहिला: हातात काय मिळालं होतं?

आमच्या धंद्यात नवीन माणूस टीममध्ये आला की आधी जुना कोड बघतो. कुठला बग त्याचा आणि कुठला आधीच्याचा, हे वेगळं केल्याशिवाय त्याला शिव्या देता येत नाहीत आणि शाबासकीही देता येत नाही.

रावांनी शपथ घेतली २१ जून १९९१ ला. महिन्याभरापूर्वी राजीव गांधींची हत्या झालेली. सरकार अल्पमतातलं. आखाती युद्धाने तेलाचं बिल वाढवलेलं. तिजोरीत परकीय चलन किती? जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशात गेलं, कर्जाला तारण म्हणून.

हे कमी होतं म्हणून की काय, डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं. आज हे इतिहासातलं एक वाक्य वाटतं, पण तेव्हाची परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. आपली बहुतेक मोठी शस्त्रं तिकडून यायची, त्यांचे सुटे भाग तिकडून यायचे. व्यापार रुपयांत चालायचा, म्हणजे डॉलर लागत नव्हते. सुरक्षा परिषदेत काश्मीरचा विषय निघाला तर व्हेटोची खात्री होती. अख्खी सिस्टिम एकाच व्हेंडरवर उभी, आणि एका सकाळी तो व्हेंडर दुकान बंद करून गेला.

बरं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झालं, तेव्हा रावांची पहिली प्रतिक्रिया अशी होती की घाईघाईने बदल करू पाहणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा. तीन दिवसांत बंड फसलं आणि आपली पंचाईत झाली. म्हणजे वारसा वाईट होता हे खरं, पण सुरुवातही अडखळतच झाली. दोन्ही गोष्टी पुस्तकात लिहायच्या.

प्रश्न दुसरा: काय निवडलं, आणि दुसरा पर्याय काय होता?

‘अमुक देशाशी संबंध सुधारले’ हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा, नाहीतर काय झालं असतं? कुणीही पंतप्रधान असता तरी हेच झालं असतं का? तसं असेल तर मार्क कमी. समोर दोन रस्ते होते आणि त्यातला अवघड घेतला असेल तर मार्क जास्त.

इस्रायल बघा. भारताने इस्रायलला मान्यता दिली होती १९५० मध्येच. मुंबईत त्यांचं कॉन्सुलेटही होतं. पण पूर्ण राजनैतिक संबंध नाहीत, तिकडे आपला दूतावास नाही. चाळीस वर्षं हे असंच. अरब देशांकडून येणारं तेल, आखातात काम करणारी आपली माणसं, पॅलेस्टाइनला पाठिंबा आणि देशातलं राजकारण, अशी सगळी कारणं होती.

रावांनी २९ जानेवारी १९९२ ला पूर्ण संबंध जाहीर केले. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. त्याच महिन्यात आधी यासर अराफत दिल्लीत येऊन गेले. अरब देशांनी आरडाओरडा केला नाही, कारण ते स्वतःच ऑक्टोबर १९९१ पासून माद्रिदला इस्रायलसमोर बसले होते. पॅलेस्टाइनचा पाठिंबा आपण काढला नाही. जुनी मैत्री न तोडता नवी जोडली.

याचा एक मराठी धागाही आहे. अलिबाग, पेण, रोहा भागातले बेने इस्रायली, म्हणजे किहीमकर, पेणकर, रोहेकर, आपल्याकडचे ‘शनवार तेली’. त्यातले हजारो लोक इस्रायलला गेले, पण घरात मराठी बोलत राहिले, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. त्यांच्या दोन देशांमध्ये दूतावास नसणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

दुसरं उदाहरण पूर्वेचं. सिंगापूर, मलेशिया, थायलंड हे देश तोवर आपल्या नकाशावर जणू नव्हतेच. रावांनी तिकडे तोंड वळवलं, त्यालाच पुढे ‘लुक ईस्ट’ म्हणायला लागले. १९९२ मध्ये आसियानशी काही क्षेत्रांपुरता संवाद सुरू झाला, आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्यांनी भारताला पूर्ण संवाद भागीदार करायचं ठरवलं. १९९४ च्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे होते सिंगापूरचे पंतप्रधान गोह चोक टोंग. बंगळुरूत व्हाइटफील्डला काम करणारे जे श्रोते आहेत, ते ज्या आयटीपीएलसमोरच्या ट्रॅफिकला रोज शिव्या घालतात, ते आयटीपीएल भारत-सिंगापूर भागीदारीतूनच १९९४ मध्ये सुरू झालं. धोरणाचा नळ कुठे उघडायचा असं मघाशी विचारलं ना? एक तिथे आहे.

अमेरिकेबद्दल थोडक्यात सांगतो. १९९२ मध्ये दोन्ही नौदलांचा पहिला मलबार सराव झाला, १९९४ मध्ये राव अमेरिकन काँग्रेससमोर बोलले. गोडी पूर्ण नव्हती, पण दार उघडलं.

चीन आणि जिनिव्हा: जरा सावकाश

सप्टेंबर १९९३ मध्ये राव बीजिंगला गेले. तिथे प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार झाला. कल्पना साधी होती. सीमेचा वाद सुटेल तेव्हा सुटेल, तोवर दोघांनी रेषा पाळायची, बळ वापरायचं नाही, सैन्य कमी करत जायचं. तिजोरी रिकामी असताना उत्तरेला शांतता हवी होती, म्हणजे पैसा आणि लक्ष घरात देता येतं.

१९७५ मध्ये अरुणाचलात आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले होते. त्यानंतर थेट जून २०२० पर्यंत, गलवानपर्यंत, या रेषेवर चकमकीत एकही जवान गेला नाही. गलवानमध्ये आपले २० जवान गेले. मग १९९३ चा करार यशस्वी की अयशस्वी?

थांबा. आपण एप्रिल १९९६ मध्ये आहोत, गलवान आपल्याला माहीत नाही. तेव्हाच्या मतदाराला काय विचारता आलं असतं? एवढंच, की साहेब, दोन्ही बाजूंनी रेषा पाळायची ठरलंय, पण रेषा नेमकी कुठे आहे हे एका नकाशावर दोघांनी मिळून काढलंय का? उत्तर होतं, नाही. हे अपुरं राहिलेलं काम तेव्हाही दिसत होतं. म्हणून मी इथे चांगले मार्क देईन, पण पैकीच्या पैकी नाही. यातून मला एक पटतं. नेत्याला तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीवर जोखायचं. पण अपूर्ण काम तेव्हाच दिसत असेल तर त्याचे मार्क तेव्हाच कापायचे.

आता जिनिव्हा. मला वाटतं, पाच वर्षांतला हा सगळ्यात शिकवणारा प्रसंग आहे.

१९९४ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात पाकिस्तानने काश्मीरवरून भारताविरुद्ध ठराव आणला. इस्लामी देशांच्या संघटनेची साथ त्याला मिळेल अशी चिन्हं होती. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या रॉबिन राफेल यांनी काश्मीरच्या विलीनीकरणावरच शंका घेतलेली. रशिया स्वतःच्याच भानगडीत. हरलो असतो तर?

रावांनी काय केलं? शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं अटलबिहारी वाजपेयींना. लोकसभेतले विरोधी पक्षनेते! सोबत फारुख अब्दुल्ला आणि सलमान खुर्शीद. २२ फेब्रुवारीला संसदेने काश्मीरवर एकमताने ठराव केला. परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह गंभीर आजारी होते, तरी त्यांना तेहरानला पाठवलं, राष्ट्राध्यक्ष रफसंजानींना भेटायला. आणि शेवटी इराण आणि चीन यांच्या सल्ल्यानंतर पाकिस्तानने मतदानाआधीच ठराव मागे घेतला.

आता एक तारीख जुळवून बघा. राव बीजिंगला गेले सप्टेंबर १९९३ मध्ये. त्याच महिन्यात ते तेहरानलाही गेले होते. तेव्हा या दौऱ्यांवरून कुणी फटाके वाजवले नाहीत. सहा महिन्यांनी त्याच दोन राजधान्यांनी आपल्याला हात दिला. एखाद्या दौऱ्याचा उपयोग झाला का, हे गार्ड ऑफ ऑनरच्या दिवशी कळत नाही, अडचणीच्या दिवशी कळतं. म्हणून कुठल्याही नेत्याच्या दौऱ्यांची यादी कुणी फॉरवर्ड केली तर शेजारी दुसरी यादी करा: देश अडचणीत असताना कोण कोण उभं राहिलं?

प्रश्न तिसरा: किंमत कोणी दिली, आणि काय राहून गेलं?

हा प्रश्न दोन्ही बाजूंचे भक्त टाळतात.

शेजारी देशांचं पान रावांचं कच्चं आहे. पाकिस्तानशी परराष्ट्र सचिवांची बोलणी जानेवारी १९९४ मध्ये थांबली, ती पुढे सुरूच झाली नाहीत. बांगलादेशाबरोबर गंगेच्या पाण्याचा वाद पाच वर्षं तसाच. अफगाणिस्तानात तालिबान एकेक शहर घेत चाललेलं. परराष्ट्रमंत्री माधवसिंह सोळंकी यांना तर बोफोर्ससंबंधी एक चिठ्ठी स्वित्झर्लंडच्या मंत्र्याच्या हातात दिल्याबद्दल १९९२ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

क्रायोजेनिक इंजिन आठवतंय? रशिया आपल्याला तंत्रज्ञान देणार होता. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लावले, १९९३ मध्ये रशियाने हात वर केले, फक्त तयार इंजिनं मिळाली. ही किंमत इस्रोच्या इंजिनिअर लोकांनी दिली. रावांची चूक किती आणि परिस्थितीची किती यावर वाद घालू शकतो, पण तोटा आपल्या खात्यावर आहे.

आणि एक कोकणातला हिशेब. परदेशी गुंतवणूक आणायच्या घाईत एन्रॉन आली, गुहागर तालुक्यात, दाभोळ वीज प्रकल्प म्हणून. डिसेंबर १९९३ मध्ये आपल्या वीज मंडळाशी करार, वर केंद्राची हमी. विजेचा दर इतका महाग की १९९५ मध्ये आपल्याच राज्य सरकारने तो करार रद्द केला. जगाला ‘आम्ही दुकान उघडलंय’ हे दिल्लीला दाखवायचं होतं, आणि बिल फाडलं महाराष्ट्राच्या नावावर.

सगळ्यात मोठी किंमत मात्र घरातली. ६ डिसेंबर १९९२, बाबरी. त्यानंतर आपल्या मुंबईतल्या दंगली. पाकिस्तानात आणि बांगलादेशात देवळांवर हल्ले झाले. मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट, २५७ माणसं गेली. परराष्ट्र खातं बाहेर जे जोडत होतं, ते घरात एका दिवशी उसवलं. देशात कायदा सांभाळणं आणि बाहेर पत सांभाळणं ही दोन वेगळी खाती नाहीत.

प्रश्न चौथा: पुढच्यासाठी काय ठेवलं?

हा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. नेत्याने खुर्ची सोडताना पुढच्याच्या हातात जास्त पर्याय ठेवले की कमी? १९९१ मध्ये एक मित्र, एक बाजार, तारण ठेवलेलं सोनं. १९९६ मध्ये रशिया आहेच, शिवाय अमेरिकेशी बोलणं सुरू, इस्रायल आणि इराण दोघांशीही संबंध, पूर्वेला दारं उघडी, उत्तरेला सीमा शांत, परकीय चलन २० अब्ज डॉलरच्या वर. उत्तर स्पष्ट आहे.

आणि लक्षात घ्या, ही माहिती तेव्हाच्या पेपरात होती. लपलेली गोष्ट एकच, अणुचाचणी. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहांनी पोखरणची हालचाल टिपली, न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली, भारताने इन्कार केला आणि चाचणी झाली नाही. का थांबले यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. २००४ मध्ये राव गेल्यावर वाजपेयींनी सांगितलं की तयारी झाली असल्याचं रावांनीच त्यांना १९९६ मध्ये कळवलं होतं. पुढे १९९८ ला चाचणी झाली. म्हणजे एखादी गोष्ट मतदाराला कधीच दिसणार नाही. पण बाकीचं पुस्तक उघडं असतं.

मग निकाल काय लागला?

काँग्रेस १९९१ च्या २३२ जागांवरून १४० वर आली. लोकांनी मत दिलं ते हवाला, लाचखोरी, महागाई, बाबरी यांवर. मतदार चुकले का? मला नाही वाटत. परराष्ट्र धोरण उत्तम असलं म्हणून बाकीचे विषय माफ होत नाहीत. ज्याचं घर दंगलीत जळलं त्याला जिनिव्हाचा विजय दाखवून मत मागता येत नाही.

पण एक गोष्ट बघा. सरकार बदललं, तरी पुढच्या कुणीही इस्रायलचा दूतावास बंद केला नाही, पूर्वेकडे पाठ फिरवली नाही, चीनचा करार फाडला नाही. उलट गंगेच्या पाण्याचा तह, जो पाच वर्षं अडला होता, तो देवेगौडांच्या सरकारने डिसेंबर १९९६ मध्ये करून दाखवला. म्हणजे तो होण्यासारखा होता. रावांचे तिथले मार्क कापले ते बरोबरच होतं.

आता तुमची पाळी

या वेळी मत द्यायच्या आधी अर्धा तास काढा. तुमच्या लाडक्या नेत्यासाठीही आणि नावडत्यासाठीही हेच चार प्रश्न एका नोटमध्ये लिहा: काय मिळालं, काय निवडलं, किंमत कोणी दिली, पुढच्यासाठी काय ठेवलं. प्रत्येकासमोर निदान एक तारीख आणि एक आकडा हवा. ‘डंका’ आणि ‘नाचक्की’ हे शब्द वापरायचे नाहीत. आणि एक अट: तुमच्या नेत्याच्या पानावर निदान दोन उणे आणि दुसऱ्याच्या पानावर निदान दोन अधिक सापडलेच पाहिजेत. सापडत नसतील तर अजून शोधा, कुणाचंच पुस्तक इतकं कोरं नसतं.

मग मत कुणालाही द्या, ते तुमचं आहे. भाऊ दुबईत असेल, बहीण जर्मनीत शिकत असेल, मित्र लडाखमध्ये ड्युटीवर असेल, तर या पुस्तकातल्या मार्कांवर त्यांचे दिवस अवलंबून आहेत. म्हणून निदान पुस्तक उघडून बघा.

तुमची यादी केलीत तर कमेंटमध्ये टाका. शिव्या न देता लिहिलेली प्रत्येक यादी मी वाचणार, आणि जमलं तर त्यातल्या दोन-तीन पुढच्या वेळी इथे वाचून दाखवणार.